बेचाळीस सामन्यांची कारकीर्द

बेसबॉलच्या अधिकृत नोंदवहीत मोझेस फ्लीटवूड वॉकर या नावापुढे आकड्यांची एकच ओळ आहे. मोसम १८८४, संघ टोलेडो, सामने ४२, फलंदाजीच्या संधी १५२, हिट ४०, धावा २३, सरासरी ०.२६३. चाळीस हिटपैकी पस्तीस एका बेसच्या, दोन दोन बेसच्या आणि तीन तीन बेसच्या. होम रन एकही नाही. अमेरिकेतील सर्वोच्च दर्जाच्या बेसबॉलमध्ये हा खेळाडू जेमतेम चार महिने दिसला आणि नंतर त्या पातळीवर पुन्हा कधीच दिसला नाही.

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या वाचकांना ०.२६३ हा आकडा काहीच सांगणार नाही. बेसबॉलमध्ये सरासरी धावांवरून काढत नाहीत. फलंदाजाने चेंडू मारून किती वेळा सुखरूप बेस गाठला, याला त्याच्या संधींनी भागले की सरासरी मिळते. पिचरच्या वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस या हिशेबात धरत नाहीत. दहा संधींत तीनदा यशस्वी होणारा, म्हणजे ०.३०० च्या आसपास असणारा फलंदाज उत्तम समजला जातो. १८८४ मध्ये वॉकर ज्या अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळले, तिथल्या सर्व फलंदाजांची सरासरी ०.२४० च्या आसपास होती. वॉकर तिच्या वर होते. संघातील पहिल्या तिघांत त्यांची सरासरी मोजली जात होती. तरीही मोसम संपण्यापूर्वी त्यांना निरोप देण्यात आला. फ्लीट वॉकर कृष्णवर्णीय होते.

सर्वसाधारण समज असा आहे की, अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन. रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले. वॉकर त्यांच्या त्रेसष्ट वर्षे आधी उतरले होते. १८७९ मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा एक तरुण प्रॉव्हिडन्स संघाकडून एक सामना खेळला होता आणि त्याची आई गुलाम होती, हे संशोधकांनी अलीकडे शोधून काढले आहे. परंतु व्हाइट समाजात गौरवर्णीय म्हणूनच वावरला. आपला वर्ण न लपवता खेळणारे पहिले वॉकरच.

वॉकर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८५६ रोजी ओहायो राज्यातील माउंट प्लेझंट या गावी झाला. हे गाव क्वेकर पंथीयांचे आणि गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिलेले. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत आणि पुढे धर्मोपदेशक झाले. आई सुईणीचे काम करी. मोझेस लहान असतानाच कुटुंब जवळच्या स्टूबेनव्हिल शहरात आले. धाकटा भाऊ वेल्डी तिथे वाढला. मोझेस आठ-नऊ वर्षांचे असताना यादवी युद्ध संपले आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. ते सोळा वर्षांचे होते तेव्हा, १८७३ मध्ये, इकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. फुले यांनी ज्यांचा गौरव केला, त्या लोकांच्या देशात पुढील पंधरा-सोळा वर्षांत खेळाच्या मैदानावर काय घडले, ते वॉकर यांच्या चरित्रात दिसते.

१८७८ मध्ये वॉकर ओबर्लिन कॉलेजात दाखल झाले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यात हे कॉलेज देशात अग्रेसर होते. १८८१ मध्ये ओबर्लिनचा पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल संघ तयार झाला आणि वॉकर त्याचे कॅचर झाले. मिशिगन विद्यापीठाने त्यांचा खेळ पाहिला आणि पुढच्या वर्षी ते कायद्याचे विद्यार्थी म्हणून तिकडे गेले. तिथे त्यांची सरासरी ०.३०८ होती. कायद्याची पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. १८८२ मध्ये ओबर्लिनमधीलच आराबेला टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि खेळ हा पोटापाण्याचा व्यवसाय करण्याचे त्यांनी ठरवले.

हा व्यवसाय त्यांच्यासाठी कसा असणार, याची चुणूक त्याआधीच मिळाली होती. ऑगस्ट १८८१ मध्ये क्लीव्हलंडच्या एका शिलाई यंत्र कंपनीच्या संघाबरोबर ते केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे गेले. यजमान संघाने त्यांच्या खेळण्यास हरकत घेतली. क्लीव्हलंडने दुसरा कॅचर उभा केला, पण पहिल्याच डावात त्याचे हात सोलून निघाले. प्रेक्षकांतूनच वॉकर यांच्या नावाचा पुकारा सुरू झाला. ते मैदानात उतरले आणि सरावाचे चेंडू त्यांनी अशा सफाईने फेकले की टाळ्या पडल्या. तेवढ्यात लुइव्हिलचे दोन खेळाडू निषेध म्हणून मैदान सोडून गेले. अखेर वॉकर यांना परत बाकावर जावे लागले.

कॅचर म्हणजे आपल्याकडचा यष्टिरक्षक, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मात्र १८८० च्या दशकातील कॅचरची तुलना आजच्या यष्टिरक्षकाशी करणे अन्यायाचे ठरेल. तोंडावर जाळीचा मुखवटा आला होता, पण हातात असलाच तर बोटे उघडी ठेवणारा पातळ चामडी मोजा. पायांना संरक्षक पॅड बांधण्याची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात. फलंदाजाच्या बॅटला चाटून आलेला चेंडू छातीवर, बरगड्यांवर, बोटांच्या पेरांवर आदळे. मोडलेली बोटे हा या कामाचा भागच होता आणि त्यामुळे कॅचरकडून फलंदाजीची फारशी अपेक्षा कोणी ठेवत नसे. वॉकर यांच्या ०.२६३ या सरासरीकडे पाहताना हे विसरता कामा नये.

१८८३ मध्ये टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज या संघाने त्यांना करारबद्ध केले. संघ त्या वेळी नॉर्थवेस्टर्न लीगमध्ये होता. मोसम सुरू होण्यापूर्वी, मार्च महिन्यात, पिओरिया संघाने लीगच्या बैठकीत कृष्णवर्णीय खेळाडूंवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्तावाचा रोख वॉकर यांच्यावरच होता. तो फेटाळला गेला. वॉकर ६० सामने खेळले, त्यांची सरासरी ०.२५१ होती आणि टोलेडोने विजेतेपद मिळवले.

त्याच वर्षी १० ऑगस्टला शिकागोचा बलाढ्य व्हाइट स्टॉकिंग्ज संघ प्रदर्शनी सामन्यासाठी टोलेडोत आला. त्याचा कर्णधार कॅप ॲन्सन हा त्या काळातील सर्वांत मोठा खेळाडू. वॉकर मैदानात असतील तर आपला संघ खेळणार नाही, असे त्याने जाहीर केले. गंमत अशी की, हाताच्या दुखापतीमुळे वॉकर त्या दिवशी खेळणारच नव्हते. टोलेडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी ॲन्सनचा तोरा पाहिला आणि वॉकर यांना मुद्दाम राइट फील्डला उभे केले. सामना सोडलात तर तिकीटविक्रीतला वाटाही सोडावा लागेल, असे त्यांनी ॲन्सनला बजावले. ॲन्सन निमूटपणे खेळला. शिकागोने सामना ७-६ असा जिंकला. तत्त्वापेक्षा गल्ला मोठा ठरला, असा हा प्रसंग अनेकदा रंगवून सांगितला जातो. ॲन्सन मात्र तो विसरला नाही.

१८८४ मध्ये टोलेडोला अमेरिकन असोसिएशनमध्ये प्रवेश मिळाला. नॅशनल लीगच्या बरोबरीची मानली जाणारी ही संघटना होती आणि तिचे आकडे आजही सर्वोच्च दर्जाचे म्हणून धरले जातात. १ मे १८८४ रोजी टोलेडोचा सामना होता लुइव्हिलमध्ये. तीन वर्षांपूर्वी जिथे वॉकर यांना बाकावर परत धाडले होते, तेच शहर. त्या दिवशी तीन संधींत त्यांना एकही हिट मिळाली नाही आणि क्षेत्ररक्षणात त्यांच्याकडून चार चुका झाल्या. टोलेडो ५-१ असा हरला. पदार्पणाचे हे आकडे नोंदवहीत आहेत. त्या दिवशी प्रेक्षकांतून काय ऐकावे लागले असेल, याचा रकाना नोंदवहीत नसतो.

टोलेडोचा प्रमुख पिचर टोनी मुलेन दोन्ही हातांनी चेंडू टाकू शकणारा विलक्षण गुणी खेळाडू होता. संघाने त्या मोसमात ४६ सामने जिंकले, त्यांपैकी ३६ विजय एकट्या मुलेनच्या नावावर आहेत. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचरने बोटांच्या खुणेने सुचवायचे आणि पिचरने मानायचे, ही या खेळातील रीत. मुलेनने वॉकर यांच्या खुणांकडे पाहणेच सोडून दिले. कृष्णवर्णीय माणसाकडून सूचना घेणे त्याला कमीपणाचे वाटे. वळणारा चेंडू येणार की वेगवान, हे ठाऊक नसताना वॉकर यांना तो जवळजवळ उघड्या हातांनी झेलावा लागे. अखेर तुम्हाला हवे ते टाका, मी खुणांशिवाय पकडीन, असे त्यांनी मुलेनला सांगितले आणि उरलेला मोसम तसेच केले. ही हकीकत वॉकर यांनी नव्हे, तर खुद्द मुलेननेच पुढे १९१९ मध्ये, म्हातारपणी, एका वृत्तपत्राला सांगितली. आपण ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांत वॉकर हाच सर्वोत्तम कॅचर होता, अशी कबुलीही त्याने त्याच वेळी दिली. पस्तीस वर्षे उशिराची ही कबुली वॉकर यांच्या काही कामाची नव्हती.

जुलै महिन्यात वॉकर यांची बरगडी मोडली. याच सुमारास धाकटा भाऊ वेल्डीही टोलेडोकडून पाच सामने खेळला; १८ संधींत त्याने चार हिट मिळवल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीस व्यवस्थापक मॉर्टन यांना व्हर्जिनियातील रिचमंडहून एक पत्र आले. टोलेडोचा संघ तिथे जायचा होता. वॉकर खेळाच्या वेशात मैदानावर दिसले, तर पंचाहत्तर जणांनी त्यांच्यावर हल्ला करण्याची शपथ घेतली आहे, असा मजकूर त्यात होता. खाली चार नावे होती आणि ती चारही खोटी निघाली. रिचमंडचा दौरा येण्यापूर्वीच, २२ सप्टेंबर रोजी, वॉकर यांना संघातून मुक्त करण्यात आले. कारण दुखापतीचे होते आणि दुखापत खरी होती. ४२ सामने हा आकडा कमी दिसतो, तो बव्हंशी या दुखापतींमुळेच. आर्थिक अडचणीत आलेल्या टोलेडोची त्या असोसिएशनमधील वाटचालही त्याच वर्षी संपली.

मग वर्णद्वेषाने त्यांची कारकीर्द संपवली, असे म्हणावे की जायबंदी शरीराने? आकडे इथे थोडा प्रकाश टाकतात. त्या मोसमात टोलेडोमध्ये वॉकर यांच्याबरोबर कॅचरचे काम वाटून घेणारा दुसरा एक खेळाडू होता, जेम्स मॅक्ग्वायर. तो ४५ सामने खेळला. म्हणजे संधी दोघांना जवळपास सारखीच मिळाली. मॅक्ग्वायरची सरासरी होती ०.१८५. मॅक्ग्वायर गौरवर्णीय होता. टोलेडोनंतर त्याला एकामागून एक सर्वोच्च दर्जाच्या संघांत जागा मिळत गेली, तो सुधारत गेला आणि १९१२ पर्यंत तब्बल २६ मोसम खेळला. त्याच्या कारकिर्दीची एकूण सरासरी ०.२७८ भरली. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता आणि वॉकर सत्तावीस वर्षांचे, हे नमूद केले पाहिजे. पुढची २६ वर्षे वॉकर यांच्या वाट्याला आलीच नसती. पण ०.१८५ वाल्याला दुसरी संधी मिळाली आणि ०.२६३ वाल्याला मिळाली नाही, एवढे निश्चित.

वॉकर यांनी खेळणे सोडले नाही. खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, आधी क्लीव्हलंड आणि मग वॉटरबरी येथे ते खेळले. १८८७ मध्ये न्यूअर्क संघात त्यांच्या जोडीला जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर आला. पिचर आणि कॅचर दोघेही कृष्णवर्णीय, ही गोष्ट त्या काळी अपूर्वाईची होती. स्टोव्हीने त्या मोसमात तीसहून अधिक सामने जिंकून दिले. वॉकर यांची सरासरी ०.२६४ होती, म्हणजे टोलेडोत होती जवळपास तेवढीच. बफेलो संघात फ्रँक ग्रँट हा कृष्णवर्णीय खेळाडू आदल्या मोसमात ०.३४४ च्या सरासरीने खेळला होता. गुणवत्तेचा प्रश्न असता, तर तो इथेच मिटायला हवा होता.

१४ जुलै १८८७ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. न्यूअर्कमध्ये ॲन्सनचा शिकागो संघ प्रदर्शनी सामन्याला आला होता आणि चार वर्षांपूर्वीची अट त्याने पुन्हा घातली. या वेळी ती चालली. स्टोव्ही आजारी असल्याचे सांगण्यात आले, वॉकरही बाहेर बसले. तिकडे बफेलो शहरात इंटरनॅशनल लीगच्या पदाधिकाऱ्यांची बैठक सुरू होती. कृष्णवर्णीय खेळाडूंशी यापुढे नवे करार करायचे नाहीत, असा निर्णय तिथे सहा विरुद्ध चार मतांनी झाला. ज्या सहा संघांत एकही कृष्णवर्णीय नव्हता, त्यांची ही सहा मते होती. नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन यांनी असा लेखी ठराव कधी केलाच नाही. तिथे सर्वांना सर्व ठाऊक होते आणि ठरावावाचून साठ वर्षे काम भागले.

नवे करार बंद झाले तरी जुन्या खेळाडूंना लगेच काढण्यात आले नाही. वॉकर सिरॅक्यूज संघात गेले. १८८८ मध्ये या संघाने विजेतेपद मिळवले, परंतु त्यांची स्वतःची सरासरी ०.१७० इतकी खाली आली. बोटे आणि सांधे आता साथ देत नव्हते. ऑगस्ट १८८९ मध्ये सिरॅक्यूजने त्यांना मुक्त केले. त्यानंतर इंटरनॅशनल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो थेट १९४६ मध्ये. तो माँट्रियलकडून खेळत होता आणि त्याचे नाव होते जॅकी रॉबिन्सन.

वॉकर यांचे पुढचे आयुष्य एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे, पण सुखाचे नाही. एप्रिल १८९१ मध्ये सिरॅक्यूजच्या रस्त्यावर काही गौरवर्णीयांच्या टोळक्याशी त्यांची बाचाबाची झाली. हल्ला झाल्यावर त्यांनी चाकू काढला आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. खुनाचा खटला उभा राहिला. ज्यूरीतील सर्वजण गौरवर्णीय होते आणि तरीही जूनमध्ये त्यांनी वॉकर यांना निर्दोष ठरवले. न्यायालयात आनंदाचा जल्लोष झाला. शहराने आपल्या जुन्या कॅचरला इतका जिव्हाळा दाखवावा आणि त्याच शहराच्या संघात त्याच्या वर्णाच्या माणसाला जागा नसावी, याचा मेळ घालणे कठीण आहे. त्याच वर्षी त्यांनी तोफगोळ्याच्या एका रचनेचे पेटंट घेतले. १८९५ मध्ये आराबेला यांचे कर्करोगाने निधन झाले. १८९८ मध्ये त्यांनी एडना मेसन यांच्याशी विवाह केला. टपाल खात्यात नोकरी करीत असताना रजिस्टर पत्रांतील पैशांच्या अपहाराचा आरोप त्यांच्यावर सिद्ध झाला आणि सुमारे वर्षभर तुरुंगवास भोगावा लागला. चरित्रकारांना हे प्रकरण अडचणीचे वाटते. पण ते घडले.

सुटकेनंतर वॉकर यांनी वेल्डीसह स्टूबेनव्हिलमध्ये हॉटेल चालवले. १९०४ पासून त्यांनी जवळच्या कॅडिझ गावातील ऑपेरा हाउस हाती घेतले. तिथे नाटके होत आणि पुढे चित्रपटही दाखवले जात. चित्रपटाच्या रिळांसंबंधीच्या सुधारणांची पेटंट त्यांनी १९२० मध्ये घेतली, म्हणजे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीही डोके शांत नव्हते. १९०८ मध्ये त्यांनी 'अवर होम कॉलनी' ही छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. अमेरिकेतील गौरवर्णीय समाज कृष्णवर्णीयांना कधीच बरोबरीने वागवणार नाही, म्हणून त्यांनी आफ्रिकेत परत जावे, असा तिचा निष्कर्ष आहे. ओबर्लिनमध्ये गोऱ्या मुलांबरोबर शिकलेला, गोऱ्या संघांबरोबर दहा वर्षे खेळलेला माणूस वयाच्या पन्नाशीत या निष्कर्षाला आला होता. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो, ते कोणत्या अनुभवातून आले याविषयी शंका राहत नाही.

१९२० मध्ये एडना यांचेही निधन झाले आणि वॉकर थिएटर सोडून क्लीव्हलंडला गेले. ११ मे १९२४ रोजी न्यूमोनियाने तिथेच त्यांचे देहावसान झाले. स्टूबेनव्हिलच्या युनियन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. वेल्डी १९३७ पर्यंत जगला. दोघा भावांपैकी कोणीही जॅकी रॉबिन्सनचा दिवस पाहिला नाही.

बेसबॉलच्या आकडेवारीत अलीकडे एक मोठी दुरुस्ती झाली. १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगचे आकडे मे २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत मिळवण्यात आले आणि कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान जॉश गिब्सन यांच्याकडे गेला. वॉकर यांच्या ओळीला या दुरुस्तीची गरज नव्हती. ती पहिल्यापासून नोंदवहीत होतीच. फक्त तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. त्यांची कबरही तशीच, दगडावाचून पडून होती. १९९१ मध्ये ओबर्लिनच्या माजी विद्यार्थी-खेळाडूंच्या पुढाकाराने तिच्यावर नावाचा दगड बसवण्यात आला आणि २०१७ मध्ये ओहायो राज्याने ७ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस मोझेस फ्लीटवूड वॉकर दिन म्हणून जाहीर केला.